एक लाख लिटरचं घर

ओतूर मागं टाकून माळशेजच्या दिशेनं निघालं की मढच्या आसपास डोंगर एकदम जवळ येतात. एका अंगाला हरिश्चंद्रगडाची रांग, तिच्या पायथ्याशी पिंपळगाव जोगे धरणाचा फुगवटा, आणि रस्त्याकडेला, शेताच्या बांधाला टेकून उभी राहिलेली नवी जोती. कुठं चार कॉलम वर आलेत आणि त्यांच्या डोक्यातून गजांच्या शेंड्या डोकावताहेत. कुठं विटांचा ढीग आणि त्यावर निळी ताडपत्री. ही घरकुलं. कुणाचं प्रधानमंत्री आवास योजनेतलं, कुणाचं शबरी योजनेतलं. किमान 25 चौरस मीटर जागा, त्यातच स्वयंपाकाचा कोपरा, शेजारी संडास. सरकारचं मूळ अनुदान सपाटीवर 1 लाख 20 हजार रुपये, डोंगराळ भागात 1 लाख 30 हजार.

या घराला विटा किती, सिमेंटच्या गोण्या किती, गज किती किलो, हे गावातला कोणताही गवंडी तोंडपाठ सांगतो. पाणी किती, हे मात्र कुणी सांगत नाही, कारण कुणी विचारत नाही. मी एकदा सहज गणित मांडलं आणि त्या दिवसापासून मला ही जोती वेगळीच दिसायला लागली.

गणित सोपं आहे. जलजीवन मिशन 2019 मध्ये सुरू झालं तेव्हा खेड्यातल्या माणसाला दिवसाला 55 लिटर पाणी मिळावं असं माप ठरलं. घरात पाच माणसं धरली तर दिवसाचे 275 लिटर. वर्षाचे 365 दिवस. गुणाकार करून पाहा: 1,00,375. म्हणजे जवळजवळ नेमके एक लाख लिटर. घर एक लाख वीस हजारांचं आणि त्याचं वर्षाचं पाणी एक लाख लिटरचं. आकडा इतका गोल निघाला की मी तो दोनदा तपासला.

आता हाच आकडा हातात धरून धरणाच्या काठावर उभं राहू. धरणाचं पाणी टीएमसीत मोजतात, म्हणजे अब्ज घनफुटांत. एक टीएमसी म्हणजे सुमारे 2,831 कोटी लिटर. भागिले एक लाख: दोन लाख 83 हजार घरं. एका टीएमसीत! पिंपळगाव जोगे धरणाची एकूण क्षमता सव्वाआठ टीएमसीच्या पुढं आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये महाराष्ट्रात एकाच वेळी 20 लाख घरकुलांना मंजुरी देण्यात आली. त्या सगळ्या 20 लाख घरांचं वर्षभराचं पाणी किती, तर सात टीएमसी. अख्ख्या राज्यातल्या त्या सगळ्या घरांची तहान, अंघोळ, धुणीभांडी, सगळं मढशेजारच्या या एका धरणात मावतं आणि वर थोडी जागा उरते.

हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी थक्क झालो. मग लगेच पोटात गोळा आला. कारण याच धरणाच्या डोक्यावरच्या वाड्यांमध्ये फाल्गुन सरला की बायका डोक्यावर हंडे घेऊन चढ चढताना दिसतात. पाणी डोळ्यांसमोर आहे आणि घरात नाही. असं का होतं, हे समजून घ्यायचं तर 'पाणी किती आहे' हा प्रश्न बाजूला ठेवून 'कुठं आहे, कधी आहे आणि कुणाचं आहे' हे तीन प्रश्न विचारावे लागतात.

कुणाचं, हे आधी पाहू. आर नदीवरचं हे धरण कुकडी प्रकल्पाच्या कुटुंबातलं. माणिकडोह, वडज, येडगाव, डिंभे आणि पिंपळगाव जोगे अशी ही पाच भावंडं. यांचं पाणी जुन्नर-आंबेगावपुरतं राहत नाही. शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत असं करत पार सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्यापर्यंत जातं. येडगावहून निघणारा कुकडी डावा कालवा 249 किलोमीटर लांबीचा आहे. म्हणजे मढच्या डोंगरावर पडलेला थेंब अडीचशे किलोमीटरवरच्या रानाला आधीच वाटून दिलेला असतो. तिकडचा शेतकरीही त्याच थेंबाची वाट पाहत असतो आणि त्याची वाट खोटी नाही.

त्यात पिंपळगाव जोगे धरणाची एक गंमत आहे, खरं तर दुखरी जागा आहे. सव्वाआठ टीएमसीपैकी कालव्याच्या दारातून सहज बाहेर पडणारं पाणी चार टीएमसीहूनही थोडं कमी. उरलेलं निम्म्याहून अधिक पाणी दाराच्या उंबऱ्याच्या खाली राहतं. त्याला मृतसाठा म्हणतात. मला हा शब्द कधीच पटला नाही. कालव्याच्या दृष्टीनं ते मृत असेल. काठावरच्या गावांच्या नळयोजना, मासे, उन्हाळ्यात गाळावर घेतलेलं पीक, सगळं त्याच 'मृत' पाण्यावर जगतं. त्यामुळं टंचाईच्या उन्हाळ्यात या मृतसाठ्यालाच हात लावायची भाषा सुरू झाली की इथली माणसं चवताळून उठतात. नव्या घरांना पाणी पुरेल का, असं इथं विचारायचं तर धरण किती भरलं हे सांगून भागत नाही. दार बंद झाल्यावर खाली काय उरलं, ते सांगावं लागतं.

शेजारच्या आंबेगाव तालुक्यात तर तालुक्याला नाव देणारं आंबेगावच डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो आणि नाव मात्र बुडालेल्या गावाचं. घोड नदीवरच्या त्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे, जे याच तालुक्यातल्या म्हाळुंगे पडवळचे. ज्यांची घरं पाण्याखाली गेली त्यांच्या नव्या घरांना पाणी आहे का, हे सरकारदरबारी सगळ्यात आधी विचारलं जायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

आता 'कुठं'. धरण खाली, वाडी वर. शंभर मीटर पाणी चढवायचं म्हणजे फार मोठं काम, असं आपण धरून चालतो. हिशेब करू. शंभर घरांचं दिवसाचं पाणी 27,500 लिटर, म्हणजे साडेसत्तावीस टन वजन. ते शंभर मीटर उचलायला निसर्गाच्या नियमानं लागणारी वीज फक्त साडेसात युनिट. पंपात आणि पाइपात निम्मी वाया गेली तरी 15 युनिट. शंभर घरांना मिळून दिवसाला 15 युनिट! शहरातल्या मोजक्या घरांतले एसी रात्रभरात तेवढी सहज खातात. म्हणजे अडतं ते उंचीपाशी अडत नाही. अडतं ते जळालेल्या मोटारीपाशी, फुटलेल्या पाइपापाशी, थकलेल्या वीजबिलापाशी. आणि पाण्याचा उगम जो दाखवला तो मे महिन्यात कोरडा असतो, तिथं.

हा 'कधी'चा प्रश्न. तो समजायला जमिनीखाली उतरावं लागतं.

मढच्या पायाखालचा खडक साडेसहा कोटी वर्षांहूनही जुना. जमिनीला भेगा पडून लाव्हारस बाहेर आला, पसरला, थंड झाला. काही काळ गेला, पुन्हा आला, पुन्हा पसरला. थरावर थर. हरिश्चंद्रगडाच्या कड्यांकडे दुरून पाहिलं तर आडव्या पट्ट्या दिसतात, एकावर एक रचलेल्या भाकऱ्यांसारख्या. प्रत्येक भाकरी म्हणजे लाव्ह्याचा एक लोट. लोटाच्या पोटातला खडक घट्ट, काळा, ठणठणीत. त्यात पाण्याला जागा नाही. पण लोटाचा वरचा भाग थंड होताना त्यातून वायूचे बुडबुडे निघाले आणि खडक सच्छिद्र झाला. विहीर खणणारे याला मांजऱ्या म्हणतात. मांजऱ्या लागला की खणणाऱ्याचा चेहरा उजळतो. वर मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण, मधूनच दोन लोटांच्या सांध्यात गेरूसारखा तांबडा थर. या सांध्यातून कधी कधी डोंगराच्या कुशीला झरा फुटतो. भूगर्भशास्त्राचं पुस्तक न उघडताही डोंगरातले झरे एकाच उंचीवर ओळीनं का सापडतात, हे इथल्या गुराख्यांना ठाऊक असतं. ते त्याच ओळीनं गुरं नेतात.

या खडकात पाणी असतं किती? ऐकून वाईट वाटेल, पण असा झिजलेला, भेगाळलेला बेसॉल्ट उपसा केल्यावर आपल्या आकारमानाच्या एक ते तीन टक्केच पाणी सोडतो. दोन टक्के धरू. एका एकराखाली पाच मीटर जाडीचा ओला थर असेल तर त्यातून मिळतील चार लाख लिटर. चार घरांचं एका वर्षाचं पाणी. एका एकरात चार घरं! आणि त्याच एकरात कांदा असेल, टोमॅटो असेल, खालच्या अंगाला ऊस असेल, तर पिकाची तहान घराच्या कितीतरी पट. म्हणजे हे डोंगर पावसाळ्यात पाण्यानं निथळत असले तरी त्यांचं पोट लहान आहे. आषाढ-श्रावणात ते भरतं, ओसंडतं, ओढ्यांवाटे खाली वाहून जातं. दिवाळीनंतर हळूहळू रितं होत जातं. माळशेजचा पाऊस कितीही धो-धो पडो, पोटात मावेल तेवढंच मावतं.

म्हणूनच वर्षाच्या पावसाचा आकडा सांगून कुणी म्हणालं की इथं पाण्याला काय तोटा, तर त्याला मे महिन्यातल्या एका रात्रीचं आमंत्रण द्यावं. चला, ती रात्र आपण काढू.

समजा, मढच्या वरच्या अंगाची एक वाडी आहे आणि तिची एक सार्वजनिक विहीर. वीस फूट रुंद, म्हणजे सहा मीटर. चार परस खोल. वैशाख अर्धा सरलाय. संध्याकाळी शेवटचा हंडा भरून झालाय, तळाला गुडघाभर पाणी आहे. आपण काठावर बसलोय. हातात एक सुतळी, तिच्या टोकाला दगड, आणि खडू. दगड पाण्याला टेकला की सुतळी सैल पडते, बोटांना ते कळतं. तिथं काठाशी सुतळीवर पहिली खूण. आठ वाजलेत.

अंधार पडला की ऐकू येतं. विहिरीच्या भिंतीतून, मांजऱ्याच्या रेषेतून, टिप... टिप. याला इथं उपळा म्हणतात. दिवसा पोहऱ्यांच्या आवाजात तो कधी ऐकू आलेला नसतो. हे पाणी गेल्या आषाढात वरच्या माळावर पडलेलं. दहा महिने खडकाच्या छिद्रांतून, केसाएवढ्या भेगांतून सरकत आता इथं पोचतंय.

आणि आता या लेखातला मला सगळ्यात आवडलेला आकडा. सहा मीटर रुंदीच्या गोल विहिरीचं क्षेत्रफळ 28.3 चौरस मीटर. तिच्यात पाणी एक सेंटिमीटर चढलं तर भर पडली 283 लिटरची. एका घराला दिवसाला लागतात 275. म्हणजे एक सेंटिमीटर म्हणजे एक घर! बोटभर पाणी चढलं की दोन घरं. वीतभर चढलं की बावीस घरं. कसलंही यंत्र नको, कॅलक्युलेटर नको. वीस फुटी विहिरीच्या काठावर ज्याला वीत टाकता येते त्याला वाडीची लोकसंख्या मोजता येते.

पहाटे चारला पुन्हा दगड सोडायचा. समजा खूण बारा सेंटिमीटर वर आली. आठ तासांत बारा घरं, म्हणून चोवीस तासांत छत्तीस, असं लगेच म्हणायचं नाही. विहीर रिती असते तेव्हा पाणी जोरात येतं. भरत जाते तसा जोर ओसरतो. त्यामुळं रात्रीत दोन-तीनदा मोजून वेग किती मंदावतोय ते पाहावं लागतं. शिवाय गोठा आहे. मोठ्या जनावराला दिवसाला तीस-चाळीस लिटर. सात-आठ जनावरं म्हणजे आणखी एक घर. लग्नसराई आहे, यात्रा आहे, मुंबईहून आलेले पाहुणे आहेत, आणि ते नेमके मे महिन्यातच येतात. आणि हे सगळं झालं बऱ्या पावसाच्या वर्षात. पाऊस दगा देईल त्या वर्षी काय, म्हणून निम्मं सोडून द्यायचं. वेग टिकला असं मानून छत्तीस धरले, तरी त्यांची अठराच घरं राहिली. वाडीत आज चौदा उंबरे असतील तर जागा चारांची आहे. यादीत नऊ घरकुलं मंजूर असतील, तर उरलेल्या पाचांसाठी दुसरं पाणी शोधायला आत्ताच निघायला हवं, स्लॅब पडल्यावर नाही.

झरा असेल तर काम आणखी सोपं. पंधरा लिटरची बादली लावा आणि घड्याळ बघा. मे महिन्यात ती एका मिनिटात भरत असेल तर दिवसाला 21,600 लिटर, म्हणजे 78 घरं. बादली भरायला पाच मिनिटं लागत असतील तर पंधरा. पुण्यातली ॲक्वाडॅमसारखी संस्था झऱ्यांच्या आणि भूजलाच्या अशा लोकमोजणीवर कित्येक वर्षं काम करते आहे. सरकारी पातळीवर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. 1972 च्या त्या भीषण दुष्काळाच्या सुमारास ती उभी राहिली. ती ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते आणि पाणलोटागणिक हिशेब मांडते. जमिनीत मुरलेल्या पाण्यापैकी उपसा 70 टक्क्यांच्या आत असेल तर क्षेत्र सुरक्षित, शंभराच्या वर गेला तर अतिशोषित. हा हिशेब फार मोलाचा आहे. पण तो मोठ्या पाणलोटाचा असतो, आणि वाडी उभी असते एका विशिष्ट मांजऱ्याच्या एका विशिष्ट तुकड्यावर. त्याच पाणलोटात खाली नदीकाठची विहीर बारमाही असेल आणि वरची कोरडी. म्हणून वाडीची सुतळी वाडीनंच टाकायला हवी.

शिवाय त्याच तुकड्यात शेजाऱ्यानं बोअर मारली तर विहिरीचा उपळा थांबू शकतो, कारण दोघंही एकाच ताटातलं जेवताहेत. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर खणायला अटकाव करणारा कायदा महाराष्ट्रात 1993 मध्येच आला.

या सगळ्यात एक गोष्ट निसटू नये. घरकुल मिळणारं कुटुंब बहुतेक वेळा त्याच गावात, कुडाच्या किंवा मोडक्या मातीच्या घरात आधीपासून राहतच असतं. त्याची तहान नवी नसते. मग नव्या घरानं काय बदलतं? संडास येतो, मोरी येते, नळ येतो. डोक्यावरून आणलेलं पाणी माणूस जपून वापरतो. नळाचं पाणी हक्कानं वापरतो, आणि तसंच वापरावं. एका घरात राहणाऱ्या दोन भावांच्या दोन चुली होतात. म्हणजे माणसं तेवढीच राहून पाण्याची गरज वाढते, आणि ती वाढ माणसाच्या इभ्रतीची आहे. तिच्यात कपात करा असं मी कुणालाही सांगणार नाही. शहरात माणशी 135 लिटरचं माप धरतात, वाडीला 55 चं. त्या 55 मधून आणखी काय कापायचं?

आणि घर बांधायलाच पाणी लागतं, याचा विचार तर फारच कमी होतो. घरकुलाचे हप्ते टप्प्याटप्प्यानं सुटतात, कामं दिवाळीनंतर सुरू होतात, आणि स्लॅब पावसाच्या आत पडायला हवा म्हणून सगळी घाई चैत्र-वैशाखात. म्हणजे विहिरीला सगळ्यात कमी पाणी असतं तेव्हा. सिमेंट काँक्रीट वाळवायचं नसतं, भिजवत ठेवायचं असतं. सिमेंटचे कण पाण्याशी संयोग पावून आतल्या आत स्फटिकांची जाळी विणतात. पाणी तुटलं की विणकाम अर्धवट राहतं. निदान सात दिवस, कडक उन्हात दहा, ते ओलं राहायला हवं. म्हणून कॉलमला गोणपाट गुंडाळतात, स्लॅबवर मातीचे बांध घालून तळं करतात. मी वाडीत एका बाईला डोक्यावरून आणलेल्या हंड्यातलं निम्मं पाणी रांजणात आणि निम्मं गोणपाटावर ओतताना पाहिलंय. कॉलमवरून ओघळलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून तिनं खाली घमेलं ठेवलं होतं. त्या घराच्या मजबुतीत तिच्या मानेचं बळ उतरलेलं आहे.

हप्त्यासाठी जोत्याचा फोटो लागतो, छताचा फोटो लागतो. वैशाखातल्या विहिरीचा फोटो कुणी मागत नाही. मागायला हवा.

नव्या घरांना पाणी आहे का, हा प्रश्न शहरांत कोर्टात गेलाय. 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं पुण्याच्या बाणेर-बालेवाडीत पाण्याच्या तुटवड्यावरून नव्या बांधकाम परवानग्यांना अटकाव केला; पुढच्याच वर्षी ठाण्याच्या घोडबंदर रोडवर तेच घडलं. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याच्या काही भागांत 1980 पासून कायदा आहे की बिल्डरनं शंभर वर्षं पुरेल एवढं पाणी दाखवावं, तरच वसाहतीला मंजुरी. जून 2023 मध्ये तिथल्या सरकारनं फिनिक्सच्या भूजलाचं शंभर वर्षांचं गणित मांडलं, चार टक्के तूट निघाली, आणि निव्वळ भूजलावर विसंबणाऱ्या नव्या वसाहतींच्या मंजुऱ्या थांबवल्या. चार टक्क्यांसाठी! पण एक सावधगिरी हवी. असा नियम वाडीला जसाच्या तसा लावला तर 'पाणी नाही' म्हणून गरिबाचं घरच नामंजूर होईल. मोजणी घर अडवायला करायची नाही, घराआधी पाणी आणायला करायची.

घराआधी पाणी! ही कल्पना आपल्याला कुणी बाहेरून शिकवायला नको. जुन्नरच्या परिसरातली लेणी पाहा. शिवनेरी, मानमोडी, तुळजा, गणेश लेणी मिळून दोनशेच्या आसपास. दोन हजार वर्षांपूर्वी भिक्षूंसाठी खोल्या कोरल्या, आणि खोल्यांच्या शेजारी, कातळात, पाण्याची टाकी कोरली. तिथल्या शिलालेखांत या टाक्यांना 'पोढी' म्हटलंय. इरिल नावाच्या एका यवनानं दोन पोढी दान दिल्याचा लेख जुन्नरला आहे. कुठून कुठून, बहुधा व्यापाराला आलेला माणूस, नाणेघाट चढून इथं पोचला असेल, आणि दान काय द्यावं असा विचार करताना त्याला सुचलं पाणी. नाणेघाटाच्या माथ्यावरही कोरीव टाकी आहेत. ज्यांनी ती खोदली त्यांना ठाऊक होतं की या मुलखात पाऊस चार महिन्यांचा आणि तहान बारा महिन्यांची.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, अठराव्या शतकाच्या आरंभी, किल्ला बांधण्याविषयी एक ठळक सूचना आहे ती पाण्याची: आधी पाणी पाहावं, मग गड बांधावा, पाणी नसेल आणि जागा सोडण्यासारखी नसेल तर खडक फोडून टाकी-तळी आधी करावीत. इतकंच नाही. झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नये, युद्धात तोफांच्या धडाक्यानं झरे आटतात, म्हणून साठवणीचं पाणी वेगळं राखावं, असाही विचार त्यात आहे. झऱ्यावर किती विसंबावं आणि साठ्यावर किती, हे तीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं. आमची विहिरीवरची 'निम्मं सोडून द्यायचं' ही सावधगिरी त्याच घराण्यातली.

मग मला वाटलं, घरकुलाच्या डोक्यावरच्या पावसाचाही हिशेब करावा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर. छत 25 चौरस मीटरचं. समजा वर्षाला 1,500 मिलिमीटर पाऊस. घाटाच्या जवळ तो याहून जास्तच. छतावर पडले 37,500 लिटर. उडालेलं, सांडलेलं, पहिल्या सरीचं धुवण सोडून दिलं तरी 30,000 हाती लागतात. 275 नं भागा: 109 दिवस. होळीच्या थोडं आधीपासून मृग निघेपर्यंत! विहीर ज्या दिवसांत रुसते नेमके तेवढे दिवस. घराचं छत आपल्या घराची उन्हाळ्याची तहान स्वतः झेलू शकतं.

अडचण साठवणीची. 30,000 लिटर म्हणजे त्याच 25 चौरस मीटरच्या खोलीत कमरेच्याही वर येईल एवढं पाणी. घराएवढं रुंद टाकं घराखाली हवं. एक लाख वीस हजारांत ते बसत नाही, हे मान्य. पण चार घरांत मिळून, वाडीत मिळून, डोंगराच्या कातळात? ज्या तालुक्यात दोन हजार वर्षांपूर्वी छिन्नी-हातोड्यानं कितीतरी टाकी झाली, तिथं आज ते अशक्य आहे असं मी मानायला तयार नाही. जोत्याच्या अंदाजपत्रकात एक ओळ पोढीची हवी.

पाण्याचं मूल्यमापन म्हणजे फक्त तुटवड्याचं मूल्यमापन नव्हे, हेही याच भागानं फार मोठी किंमत मोजून दाखवलंय. 30 जुलै 2014 च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला. 151 माणसं गेली. दिवसभर, रात्रभर पडणारा पाऊस उतारावरच्या मातीत भरत गेला. मातीचे कण एकमेकांना धरून ठेवतात ती पकड पाण्यानं सुटली. ज्या मुरमात आपण वैशाखात थेंब शोधतो, त्याच मुरमात श्रावणात मावेनासं झालेलं पाणी. पुढं 2017 मध्ये आमडे इथं नवं माळीण वसवलं गेलं. त्या गावासाठी जागा शोधताना जमीन घट्ट हवी, उतार कमी हवा, शेत फार लांब नको आणि पिण्याला पाणी हवं, हे सगळं एकाच ठिकाणी जुळवायचं होतं. सह्याद्रीत ते जुळणं किती कठीण! पाण्याच्या फार जवळ गेलं तर धोका, फार लांब गेलं तर हंडे.

आपण अजून विहिरीवरच आहोत. सव्वातीन वाजलेत. वारा पडलाय. खालच्या फुगवट्यावर अंधारात एखादा दिवा हलतो, मासेमारीला निघालेल्या कुणाचा असेल. उपळ्याचा आवाज आता मघापेक्षा मंद झालाय का, की कानाला सवय झालीय? म्हणून तर मोजायचं. चारला दगड सोडायचा, बोटांना सुतळी सैल लागेपर्यंत, आणि काठाशी दुसरी खूण करायची. दोन खुणांमधलं अंतर विजेरीच्या उजेडात पट्टीवर धरायचं. जेवढे सेंटिमीटर तेवढी घरं.

पण उशीर करून चालत नाही. साडेचारला वाडीत पहिली कडी वाजते. मग दुसरी. पायवाटेवर चुंबळ आणि हंड्यांचा आवाज येतो, आणि पहिला पोहरा पाण्यात पडला की मोजणी मोडते. त्याच्या आत सुतळी वर ओढून घ्यायची.